कुत्रा चावल्यावर भरपाई: मुंबईत कुठे जायचं, काय जपायचं, किती मागायचं

घरकामाला येणाऱ्या ताईंना मालकांचा कुत्रा चावला की प्रकरण बहुतेक वेळा दारातच मिटतं. हातावर पाचशेची नोट, ‘आमच्या कुत्र्याला सगळी इंजेक्शनं दिलेली आहेत, काळजी करू नका’ हे आश्वासन, आणि दुसऱ्या दिवशी पट्टी बांधलेल्या पायाने पुन्हा भांडी. कुरिअरवाला मुलगा, वॉचमन, दूध टाकणारे काका, कॉलनीत खेळणारी पोरं, सगळ्यांचं थोडंफार असंच. पुढे जखम चिघळते, आठवडाभराचा रोज बुडतो, पोरगं जिना उतरायला घाबरतं, पण तोवर हातात ना कागद असतो ना साक्षीदार.

कायदा तुमच्या बाजूने आहे, पण तो कागद मागतो. माझं ठाम मत आहे की भरपाईचा निकाल न्यायालयात लागतो तेव्हा लागतो, तिची रक्कम मात्र पहिल्या दहा-पंधरा दिवसांत तुम्ही काय नोंदवून ठेवलं त्यावर ठरते. म्हणून या लेखात सुरुवातीच्या दिवसांवर जास्त भर दिला आहे.

जखम, दवाखाना आणि केसपेपर

आधी जीव. वाहत्या पाण्याखाली साबण लावून जखम निदान १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची, तेल काहीही लावू नका. मग थेट रुग्णालय गाठा. परळचं केईएम, शीवचं लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचं नायर, विलेपार्ल्याचं कूपर, घाटकोपरचं राजावाडी, चिंचपोकळीचं कस्तुरबा, यांपैकी जे जवळ असेल तिथे जा. पालिकेच्या रुग्णालयांत रेबीजची लस मिळते.

कातडीच्या थरात देण्याच्या पद्धतीत लस पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी घेतात (पहिला दिवस शून्य धरून). दंडात स्नायूत देत असतील तर ०, ३, ७, १४ आणि २८ असे पाच डोस होतात. कातडी फाटून रक्त आलं असेल, लचका तुटला असेल तर ती तिसऱ्या श्रेणीची जखम. अशा वेळी लशीबरोबर जखमेत आणि तिच्या भोवती रेबीजविरोधी सीरमही द्यावं लागतं. सीरमचं नाव कोणी काढलं नाही तर तुम्ही काढा. ‘कुत्रा पाळीव आहे, लस दिलेली आहे’ या मालकाच्या शब्दावर स्वतःची लस थांबवू नका, तो निर्णय डॉक्टरांचा. एकही डोस चुकवू नका. त्यात जिवाची गोष्ट तर आहेच, पण पुढे समोरचा वकील ‘यांनी स्वतःच उपचार अर्धवट सोडले’ असं म्हणणार हेही खरं.

केसपेपर लिहिला जात असताना गर्दी कितीही असो, डॉक्टरांना नम्रपणे चार गोष्टी लिहायला सांगा: चावल्याची तारीख आणि वेळ, ठिकाण, कुत्रा पाळीव की भटका (पाळीव असेल तर कोणाचा), आणि जखमा किती, कुठे, केवढ्या, कोणत्या श्रेणीच्या. नुसतं ‘डॉग बाइट’ असं दोन शब्दांत लिहिलेला कागद भरपाईला फारसा उपयोगी पडत नाही. पोलीस तक्रार करायची असेल तर तिथेच एमएलसी, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर नोंद, करायला सांगा आणि तिचा क्रमांक लिहून घ्या.

लस फुकट मिळाली म्हणून खर्च शून्य होत नाही. औषधं, ड्रेसिंग, रिक्षा-टॅक्सी, सोबत आलेल्या माणसाचा बुडालेला रोज, सगळं एका वहीत तारखेनुसार लिहा आणि बिलं एका पाकिटात ठेवा. रिक्षाचं बिल मिळत नाही, पण त्याच दिवशी केलेली नोंद न्यायालय अगदीच धुडकावत नाही. जखमेचे फोटो शेजारी पट्टी ठेवून काढा आणि भरेपर्यंत दर काही दिवसांनी पुन्हा काढा. फाटलेले, रक्ताचे कपडे धुवू नका, कागदी पिशवीत घालून ठेवा.

कुत्रा कोणाचा, हे ठरवा

इथून दोन वाटा फुटतात. कुत्रा पाळीव असेल तर जबाबदारी मालकाची, किंवा त्या वेळी ज्याच्या हातात पट्टा होता त्याची. भटका असेल तर दावा महापालिकेकडे जातो आणि ती वाट चढणीची आहे. म्हणून ‘भटकाच असेल’ असं धरून चालू नका. गल्लीतल्या ज्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा आहे, ज्याला एखादं दुकान रात्री आत बांधतं, ज्याला कोणी स्वतःच्या नावाने डॉक्टरकडे नेतं, त्याच्यावर कोणाचा तरी ताबा आहे असं म्हणता येतं. नुसतं कोणी बिस्किटं घालतं म्हणून तो माणूस मालक ठरत नाही. हा फरक लक्षात ठेवा, नाहीतर चुकीच्या माणसाविरुद्ध दावा लावून वर्षं वाया जातील.

मुंबईत पाळीव कुत्र्याचा पालिकेकडून परवाना काढावा लागतो. मालकाकडे परवाना नाही, रेबीजच्या लशीची नोंद नाही, हे दोन्ही निष्काळजीपणा दाखवायला उपयोगी पडतं. शक्य असेल तर कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा किंवा मालकाकडून तशी लेखी खबर घ्या. तो आजारी पडला किंवा मेला तर लगेच डॉक्टरांना कळवा. आणि एक कळकळीची विनंती: रागाच्या भरात कुत्र्याला मारू नका, विष घालू नका. तो गुन्हा आहे, आणि तुमची बाजू त्याने क्षणात कोसळते.

सीसीटीव्हीसाठी सोसायटीच्या सेक्रेटरीला त्याच दिवशी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. बहुतेक यंत्रांत जुनं चित्रण काही आठवड्यांत पुसलं जाऊन त्यावर नवं भरतं. अर्जात तारीख, वेळ आणि कोणता कॅमेरा ते लिहा आणि ‘हे चित्रण जतन करावे’ अशी स्पष्ट मागणी करा. प्रत मिळाली तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं, म्हणजे ही प्रत त्याच यंत्रातली आहे असं सांगणारं, प्रमाणपत्र सोबत लागतं, ते ज्यांच्या ताब्यात यंत्र आहे त्यांच्याकडून भरून घ्या. वॉचमन, भाजीवाला, लिफ्टमधले शेजारी, ज्यांनी पाहिलं त्यांची नावं आणि नंबर आजच लिहा. सहा महिन्यांनी वॉचमन बदललेला असतो.

पोलीस ठाण्यात

भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणं हा गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे न्यायालयाची परवानगी न घेता पोलिसांना तो नोंदवून तपास करता येतो. म्हणून ‘एनसी (अदखलपात्र नोंद) लिहून देतो’ एवढ्यावर तुम्ही परत फिरण्याचं कारण नाही. जोडीला कलम १२५ (बेफिकिरीने दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं) लागतं. साधी दुखापत असेल तर सहा महिने आणि गंभीर असेल तर तीन वर्षांपर्यंत कैद.

गंभीर दुखापत कशाला म्हणायचं हे कलम ११६ मध्ये आहे. हाड किंवा दात मोडणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं त्यात येतं. तसंच १५ दिवस तीव्र वेदना झाल्या किंवा रोजचे व्यवहार करता आले नाहीत, तरीही ती गंभीर ठरते. जुन्या दंड संहितेत हेच दिवस २० होते. म्हणून डॉक्टरांनी किती दिवस विश्रांती सांगितली तो कागद सोन्यासारखा जपा.

तक्रार कोणत्याही ठाण्यात देता येते. हद्द वेगळी असेल तर शून्य क्रमांकाने नोंदवून पुढे पाठवतात. नोंदवलीच नाही तर पोलीस उपायुक्तांना लेखी पाठवा आणि तरीही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची कलमं १७३(४) आणि १७५(३) त्यासाठीच आहेत. उशीर मात्र नको. एक वर्षापर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांची दखल घ्यायला न्यायालयाला एका वर्षाची मर्यादा आहे.

फौजदारी खटल्यात मालकाला शिक्षा होते, तुम्हाला पैसे आपोआप मिळत नाहीत. पण नागरिक सुरक्षा संहितेच्याच कलम ३९५ खाली न्यायालय आरोपीला जखमी माणसाला भरपाई द्यायला सांगू शकतं. सरकारी वकिलांमार्फत ही मागणी लेखी करा, बिलांच्या यादीसकट. न मागता ती फार क्वचित मिळते.

हा रस्ता किती लांबतो ते दोन मुंबईच्याच खटल्यांत दिसतं. नेपियन सी रोडवर २०१० साली रॉटवायलर चावला, मालकाला तीन महिन्यांची शिक्षा झाली जानेवारी २०२३ मध्ये. वरळीच्या एका इमारतीत २०१८ साली लिफ्टमध्ये हस्की चावला. त्यातला निकाल मे २०२५ मध्ये आला, चार महिन्यांची शिक्षा झाली आणि लिफ्टमधलं चित्रण तिथे महत्त्वाचं ठरलं. फौजदारी तक्रार जरूर करा, पण पैशांसाठी तिच्यावरच विसंबू नका. दिवाणी बाजू त्याच वेळी सुरू करा.

किती मागायचं?

इथे लोक सगळ्यात जास्त कमी पडतात. ‘औषधाचे पैसे मिळाले तरी पुरे’ असं म्हणून थांबतात. प्रत्यक्षात झालेला खर्च, पुढचा खर्च (चेहऱ्यावर व्रण असेल तर प्लास्टिक सर्जरीचं लेखी अंदाजपत्रक), बुडालेलं उत्पन्न, कायमचं अपंगत्व, आणि वेदना व मानसिक त्रास यांचे वेगवेगळे आकडे मांडावे लागतात. मूल रात्री दचकून उठत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांचा कागदही जोडा.

अपंगत्व असेल तर हिशोब मोटार अपघाताच्या दाव्यांतल्या रीतीने मांडणं सोपं जातं. समजा, ३८ वर्षांच्या रिक्षाचालकाचा महिना २०,००० रुपये. उजव्या हाताची पकड कमी झाली आणि कमाईच्या क्षमतेवर १० टक्के परिणाम झाला असं वैद्यकीय मंडळाने किंवा तज्ज्ञाने सांगितलं. वर्षाचं उत्पन्न २,४०,०००, त्याचे १० टक्के २४,०००. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सरला वर्मा निकालात वयानुसार गुणक (वर्षाच्या नुकसानीला ज्याने गुणायचं तो आकडा) ठरवून दिले, त्यात ३६ ते ४० वयाला १५ आहे. म्हणजे ३,६०,००० रुपये, फक्त या एका बाबीचे. बाकीचं त्यावर. पगाराची पावती नसली तरी बँकेचं पासबुक, ओला-उबरच्या कमाईचे आठवड्याचे तपशील, घरकाम करणाऱ्या ताईंना दोन घरांनी दिलेलं पत्र, हे सगळं चालतं.

पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान १०,००० आणि लचका तुटला असेल तर दर ०.२ सेंटिमीटरला किमान २०,००० रुपये असा दर सांगितला. मुंबईत तो बंधनकारक नाही. तरीही नोटिशीत त्याचा उल्लेख करावा, कारण तुमचा आकडा हवेतला नाही हे त्यातून दिसतं. डॉक्टरांनी जखमा मोजून लिहिल्या असतील तरच हा आधार उपयोगी पडेल.

मालकाला नोटीस आणि दावा

नोटीस वकिलामार्फत पाठवलेली बरी, पण स्वतः नोंदणीसह स्पीड पोस्टने पाठवली तरी चालते. मजकूर साधा हवा: ‘दिनांक अमुक रोजी सायंकाळी ७ वाजता अमुक इमारतीच्या तळमजल्यावर आपला कुत्रा पट्ट्याविना मोकळा असताना त्याने माझ्या डाव्या पोटरीला चावा घेतला. केसपेपर क्रमांक व तक्रार क्रमांक सोबत दिले आहेत. आपण पुरेशी काळजी न घेतल्याने मला पुढीलप्रमाणे नुकसान झाले आहे. ही रक्कम १५ दिवसांत द्यावी, अन्यथा दिवाणी व फौजदारी कारवाई करावी लागेल.’ खाली बाबवार आकडे. शिवीगाळ नको, धमकी नको.

मालकाला कुत्र्याचा स्वभाव आधीपासून माहीत होता हे दाखवता आलं तर तुमची बाजू फार भक्कम होते. आधी कोणाला चावल्याची सोसायटीकडची तक्रार, व्हॉट्सॲप गटावरचे जुने मेसेज, मालकानेच घेतलेली माफी, हे शोधा. गेटवर ‘कुत्र्यापासून सावधान’ अशी पाटी होती म्हणून मालक सुटतो, असा समज आहे. कामासाठी बोलावलेल्या माणसाला ती पाटी अडवू शकत नाही, आणि कुत्रा चावरा आहे हे मालकाला ठाऊक होतं असा युक्तिवाद त्याच पाटीवरून करता येतो. तुम्ही कुत्र्याला डिवचलं, दगड मारला असं सिद्ध झालं तर मात्र रक्कम कमी होते किंवा दावाच पडतो.

दावा मुंबईत नगर दिवाणी न्यायालयात जातो, शहरासाठी फोर्टला आणि बऱ्याचशा उपनगरांसाठी दिंडोशीला. मुदत कायद्याप्रमाणे अशा दाव्याला साधारण तीन वर्षं मिळतात, तरी माझा सल्ला एका वर्षाच्या आत दाखल करण्याचा आहे. साक्षीदार तेवढेच टिकतात. कुत्र्यामुळे कोणाचा जीव गेला असेल तर वारसांना मृत्यूपासून दोनच वर्षं मिळतात. रेबीज कधी कधी महिन्यांनी उफाळतो, म्हणून चाव्याचे जुने कागद फेकू नयेत.

मालकाकडे पाळीव प्राण्याचा विमा आहे का, हेही विचारा. काही पॉलिसींत तिसऱ्या व्यक्तीला झालेल्या इजेची भरपाई असते, आणि मग मालकही वाद न घालता कागद पुढे करतो.

भटका कुत्रा असेल तर

पालिकेच्या २०२४ च्या पाहणीत मुंबईत ९०,७५७ भटकी कुत्री असल्याचा अंदाज निघाला. त्यांचं निर्बीजीकरण आणि लसीकरण ही २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बस आणि रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली भटकी कुत्री हटवून पुन्हा तिथे न सोडण्यास सांगितलं. चावा अशा आवारात घेतला असेल तर त्या आदेशाचा उल्लेख तुमच्या अर्जात असलाच पाहिजे.

पण ‘कुत्रा चावला, पालिका पैसे दे’ एवढ्याने भागत नाही. पालिकेला धोका माहीत होता आणि तिने काही केलं नाही, हे दाखवावं लागतं. त्यासाठी १९१६ वर तक्रार करून क्रमांक घ्या. विभाग कार्यालयाच्या सहाय्यक आयुक्तांना लेखी अर्ज द्या. मग १० रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात विचारा: त्या रस्त्यावरून गेल्या दोन वर्षांत किती तक्रारी आल्या, त्यांवर काय केलं, तिथल्या किती कुत्र्यांचं निर्बीजीकरण झालं. उत्तराला ३० दिवस असतात. आधीच्या दहा तक्रारी आणि शून्य कारवाई असं उत्तर आलं तर तोच तुमचा मुख्य पुरावा.

आणि इथे एक अशी मुदत आहे जी चुकली की चांगला दावाही पडू शकतो. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ५२७ प्रमाणे पालिकेवर दावा लावण्याआधी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि दावा घटनेपासून सहा महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो. माहिती अधिकाराच्या उत्तराची वाट पाहत बसलात तर हे सहा महिने कधी सरले ते कळत नाही. नोटीस दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच द्या.

घटना आणि पालिकेची कसूर यांबद्दल वादच नसेल, तर उच्च न्यायालयात रिट याचिकेचा, म्हणजे हक्क डावलल्याबद्दल थेट तिथे दाद मागण्याचा, मार्ग आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख, जखमींना ५०,००० ते अडीच लाख रुपये देण्याचे आदेश दिले. तो निकाल कुत्र्यांबद्दल नाही, पण सुरक्षित रस्ता हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि पालिकेने त्यात कसूर केली तर नागरिकाला पैसे मिळाले पाहिजेत, हे तत्त्व तिथून घेता येतं. केरळमध्ये २०१६ साली नेमलेली न्यायमूर्ती सिरी जगन समिती कुत्रा चावलेल्यांचे अर्ज ऐकून भरपाई सुचवत असे, तोही दाखला द्यावा.

कुत्रं मागे लागून दुचाकीवरून पडलात तर गाडीच्या विम्याचे कागद उघडा. मालक-चालकाच्या सक्तीच्या अपघात विम्यात १५ लाखांपर्यंत संरक्षण असतं, मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी.

कामावर असताना चावला तर

वॉचमन, कारखान्यातला किंवा गोदामातला कामगार, सुरक्षा एजन्सीचा माणूस यांना कुत्र्याच्या मालकाखेरीज स्वतःच्या मालकाकडेही हक्क आहे. कामावर असताना झालेल्या अपघाताची भरपाई हा १९२३ च्या कायद्यापासून चालत आलेला हक्क आहे. पगार २१,००० पर्यंत असून ईएसआयसीचं (कर्मचारी राज्य विमा महामंडळाचं) कार्ड असेल तर कामावर जाता न आलेल्या दिवसांचे वेतनाच्या सुमारे ९० टक्के मिळतात. त्यासाठी अपघाताची नोंद कामाच्या ठिकाणच्या रजिस्टरमध्ये त्याच दिवशी करायला लावा.

तडजोड करायची असेल तर

तडजोड वाईट नाही. उलट बहुतेकांसाठी तीच शहाणपणाची. पण अठ्ठाविसाव्या दिवसाचा डोस होईपर्यंत आणि जखम पूर्ण भरेपर्यंत ‘यापुढे काही मागणी नाही’ अशा कोणत्याही कागदावर सही करू नका. मधल्या काळात मालक उपचाराचे पैसे देत असेल तर घ्या, ऑनलाइन घ्या, आणि ‘उपचारांपोटी अंशतः मिळाले’ एवढंच लिहून द्या.

ज्यांना वकील परवडत नाही त्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. १५१०० हा त्यांचा राष्ट्रीय मदतक्रमांक आहे. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे, अपंग आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना वकील मोफत मिळतो. स्त्रियांना तर उत्पन्नाची अटही नाही, हे घरकाम करणाऱ्या ताईंना कोणीतरी सांगायला हवं. दावा लावण्यापूर्वीच प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं, कोर्ट फी लागत नाही आणि तिथे झालेला निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो. मालकाने हप्ता चुकवला तर वसुली करता येते. दारात बसून केलेल्या कागदाला ही ताकद नसते.

जखमी मूल अठरा वर्षांखालचं असेल आणि दावा न्यायालयात असेल, तर आईवडिलांना न्यायालयाच्या परवानगीशिवाय त्याच्या वतीने तडजोड करता येत नाही. परवानगीच्या अर्जात रक्कम मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवावी, आणि पुढच्या शस्त्रक्रियेसाठी गरजेपुरती काढता यावी, असं स्पष्ट लिहून घ्या.